वाफसा आणि घात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस झाला, की सातारा-सांगलीच्या गावांत पारावर, दूध डेअरीत, खताच्या दुकानात एकच चौकशी असते : "घात आली का रानाला?" कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात हेच 'वाफसा येताच पेरणी करावी' असं छापून येतं. शहरातून शेतीकडे परतलेली मुलं, शेतीशाळेतले विद्यार्थी आणि पाणी नव्याने आलेल्या दुष्काळी गावांतली शेतकरी मंडळी या शब्दाबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

वाफसा म्हणजे नेमकं काय?

जोराचा पाऊस पडून गेला किंवा पाटाचं पाणी देऊन झालं, की मातीतल्या लहान-मोठ्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी हळूहळू खाली निथरतं आणि त्यांच्या जागी हवा शिरते. बारीक पोकळ्यांतलं पाणी मात्र मातीने धरून ठेवलेलं असतं. म्हणजे ओल आहे, पण चिखल नाही. मुळांना पाणीही मिळतं आणि श्वासही घेता येतो. बी रुजतं, औताला माती चिकटत नाही. रानाची (शेतजमिनीची) ही अवस्था म्हणजे वाफसा.

आकड्यांत सांगायचं तर चांगल्या जमिनीच्या घनफळाचा साधारण निम्मा भाग माती आणि सेंद्रिय पदार्थांचा असतो आणि निम्मा पोकळ्यांचा. वाफशावर आलेल्या रानात या पोकळ्यांपैकी अंदाजे निम्म्यांत पाणी आणि निम्म्यांत हवा असते. रानाच्या पोताप्रमाणे हे प्रमाण थोडंफार बदलतं.

घात आणि वाफसा एकच का?

बरेचदा एकाच अर्थाने वापरतात, पण बोलताना थोडा फरक जाणवतो. वाफसा ही मातीची अवस्था. घात म्हणजे त्या अवस्थेने दिलेली संधी. म्हणून वाफसा 'येतो', 'होतो', 'मिळतो'. घात 'येते', 'साधते', 'हुकते', 'जाते'. "चार दिवस झालं, वाफसाच होईना" असं म्हणणारा माणूस मातीबद्दल बोलत असतो. "घात चाललीया, उद्या कुरी धराय पायजे" (कुरी म्हणजे पेरणीचं औत) असं म्हणणारा मातीबरोबर बैलजोडी, माणसं, बी-खत आणि आभाळ या सगळ्यांचा मेळ बघत असतो.

ही घात स्त्रीलिंगी. दगाफटका या अर्थाचा 'घात' पुल्लिंगी, त्याचा या घातीशी गोंधळ करू नये. 'घातवार' त्या दुसऱ्या घाताचा. रानाला आलेली घात मात्र चांगलीच असते.

'वाफसा' बरोबर की 'वापसा'?

दोन्ही रूपं ऐकायला मिळतात. छापील मजकुरात 'वाफसा' जास्त दिसतं, आपण तेच वापरावं. वाफा, म्हणजे पाणी देण्यासाठी किंवा रोपांसाठी बांधलेला चौकोनी तुकडा, ही वेगळी गोष्ट आहे.

रानाला वाफसा आलाय हे ओळखायचं कसं?

बांधावर उभं राहून ओळखता येत नाही, रानात उतरावंच लागतं. वरची माती सुकून फिकी दिसायला लागली, की माणूस फसतो. काळ्या रानात तर वर खपली धरलेली असते आणि खाली बोटभरावर चिकट लगदा.

खुरप्याने टीचभर खोल उकरा आणि तिथली माती मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर तळहात चिखलाने माखला, बोटांच्या मधून माती वर आली, तर रान अजून ओलं आहे. गोळा झाला, हात जेमतेम ओलसर लागला आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकल्यावर फुटून त्याचा भुगा झाला, तर वाफसा आहे. गोळा आपटून नुसता चपटा झाला तर थांबा. गोळाच होत नसेल, माती बोटांतून झरत असेल, तर घात निघून गेली.

दुसरी परीक्षा तळहातावर मातीची वळी करण्याची. पेन्सिलीएवढी जाड वळी न तुटता लांबत गेली तर माती ओली. वळताना तिला भेगा पडून तुकडे झाले तर काम करायला हरकत नाही. भारी काळ्या रानात ही परीक्षा जास्त खात्रीची वाटते, कारण त्या मातीचा गोळा ओला असतानाही वरवर घट्ट लागतो.

माती एकाच जागची बघू नका. पाटाच्या तोंडाशी, मध्ये आणि उताराच्या खालच्या टोकाला अशी तिन्हीकडे बघा. खालचं टोक शेवटी वाफशावर येतं आणि ट्रॅक्टर नेमका तिथेच रुततो. जे काम करायचं त्याच्या खोलीपर्यंत बघा. कोळपणीला (पिकाच्या ओळींमधली माती हलवून तण काढायला) वरच्या दोन-तीन इंचांचा वाफसा पुरतो, नांगरटीला आठ-नऊ इंचांपर्यंतचा लागतो. पेरणीपुरती घात आली म्हणजे नांगरायलाही आली, असं नसतं.

पावसानंतर किती दिवसांनी वाफसा येतो?

याला एक आकडा नाही. मुरमाड माळाला दुसऱ्या दिवशीही घात येते. मध्यम रानाला दोन-तीन दिवस लागतात. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, पलूस, मिरज भागातल्या खोल काळ्या रानाला उघडीप असली तरी पाच-सात दिवस लागू शकतात आणि आभाळ भरून राहिलं तर त्याहून जास्त. ऊन, वारा, उतार, रानातला सेंद्रिय कस, उभं पीक या सगळ्यांवर ते अवलंबून असतं. शेणखत भरपूर पडलेलं रान शेजारच्या रानाआधी वाफशावर येतं, आणि आलेला वाफसा जास्त दिवस धरूनही ठेवतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत पाऊसमानाचा फरकही फार मोठा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. पाटणच्या डोंगरात माणूस रान निथरण्याची वाट बघतो आणि माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये ओल टिकण्याची. त्यामुळे एका तालुक्यातला अनुभव दुसऱ्या तालुक्यात जशाचा तसा लागू करू नये.

वाफसा येण्याआधीच औत किंवा ट्रॅक्टर घातला तर काय बिघडतं?

फार बिघडतं, आणि नुकसान त्याच हंगामात संपत नाही. ओल्या काळ्या रानात नांगर घातला की तासाची (नांगराने पाडलेल्या चराची) कड तुकतुकीत दिसते. फाळाने माती फोडलेली नसते, लिंपलेली असते. त्या लिंपलेल्या थरातल्या पोकळ्या बंद होतात. ऊन पडल्यावर तेच काप विटेसारखे कडक होतात आणि मग ती ढेकळं फोडायला वेळ, डिझेल आणि पैसा जातो.

जड ट्रॅक्टरचा दाब खालपर्यंत पोचतो. रोटर (रोटाव्हेटर) वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत करतो, म्हणून रान छान झाल्यासारखं दिसतं. पण ओल्यात मारला तर त्याच्या पात्यांखाली घट्ट तळी तयार होते. वर्षानुवर्षं असंच चाललं की मुळं त्या थराशी येऊन आडवी वळतात. पाणी तिथेच अडतं आणि वाफसा यायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. "आमचं रान पहिल्यासारखं लवकर घातीवर येत नाही" अशी तक्रार असेल तर फावड्याने फूटभर खोल खड्डा घ्या आणि त्याची कड नीट बघा. घट्ट थर हाताला लागतो.

भाड्याचा ट्रॅक्टर आज मोकळा आहे, परत आठ दिवस मिळणार नाही, ही अडचण खरी आहे. तरीही ओल्या रानात रोटर मारण्यापेक्षा थांबलेलं परवडतं.

पहिल्या पावसावर लगेच पेरावं का?

नाही. वरची चार बोटं ओली झाली म्हणजे वाफसा आला असं होत नाही. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्यावर, वाफशावर पेरणी करा, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो. बी तीन-चार सेंटिमीटरवर पडावं, पाचाच्या खाली जाऊ नये. वरच्या ओलीवर बी फुगतं, मोड येतो आणि खाली ओल नसेल तर तो तिथेच करपतो. दुबार पेरणी बहुतेक वेळा अशीच ओढवते.

जुनी माणसं "वलीला वल मिळाली का?" असं विचारायची. वरून उतरणारी ओल आणि रानात खाली असलेली ओल यांच्या मध्ये कोरडा पट्टा राहिला नाही ना, हे त्यांना विचारायचं असायचं. खुरप्याऐवजी पहारेने खड्डा घेतला की ते डोळ्यांना दिसतं.

पाऊस लागून राहिला आणि सोयाबीन पिवळं पडलं. युरिया टाकावा का?

आधी वाफसा येऊ द्या. साचलेल्या पाण्याने मातीतली हवा संपते. मुळांवरच्या गाठीत राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू हवेशिवाय काम करू शकत नाहीत, आणि मातीत असलेला नत्रही अशा वेळी वायुरूपाने उडून जातो किंवा पाण्याबरोबर निघून जातो. चुनखडीच्या रानात लोहाची कमतरताही दिसते; तिच्यात कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात.

एक रोप मुळासकट हळूच उपटून गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-तांबूस असेल तर जिवाणू जिवंत आहेत, थोडी हवा मिळाली की कामाला लागतील. चर काढून साचलेलं पाणी बाहेर घाला, वाफसा येताच हलकी कोळपणी करा. पुष्कळदा एवढ्यानेच पीक हिरवं होऊ लागतं. खत किंवा फवारणी लागलीच तर ती त्यानंतर.

सोयाबीनबद्दल एक माहिती जाता जाता. 'केडीएस' हे नाव असलेले वाण सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आले आहेत. फुले संगम म्हणजे केडीएस ७२६. आपल्याच मातीत निपजलेले वाण असले, तरी त्यांनाही तुंबलेलं पाणी सोसत नाही.

'घात गेली' म्हणजे काय? शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) बाबतीत हा शब्द फार ऐकू येतो.

खरिपात घात हुकली तर पुढच्या पावसाची आशा असते. रब्बीत ती नसते. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण, खटाव या भागांत शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात, साठलेल्या ओलीवर पेरतात. परतीचा पाऊस थांबला की ऊन कडक पडतं आणि वरची ओल झपाट्याने उतरते. हस्ताच्या पावसानंतर मिळालेले ते चार-पाच दिवस साधले तर शाळू उगवला, नाहीतर बी कोरड्यात पडलं. "अशी घात परत न्हाई यायची" या बोलण्यामागे पुढच्या वर्षभराची भाकरी आणि जनावरांचा कडबा असतो.

म्हणूनच रब्बीचं रान पावसाळाभर मोकळं ठेवून त्याला कुळवाच्या (वरची माती हलवणाऱ्या औताच्या) पाळ्या घालतात. तण निघतं, भेगा बुजतात आणि पाणी मुरतं. उताराला आडवे सारे (मातीचे लहान वरंबे) पाडले, तर पडेल ते पाणी जागच्या जागी जिरतं. शाळूचं बी साधारण पाच सेंटिमीटरवर, खालच्या ओलीला टेकेल असं पडायला हवं. कुरी धरणाऱ्याचं कसब इथेच दिसतं. पुढे कोळपणी करून मातीच्या भेगा बुजवत राहायचं, म्हणजे ओल वर उडत नाही. पेरणीनंतर एकही पाऊस न होता शाळू पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत) येतो, तो या जपलेल्या ओलीवर.

धूळवाफ म्हणजे काय? कोरड्यात पेरणं हे वाफशाच्या उलट नाही का?

धूळवाफ म्हणजे पावसाआधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, कोरड्या मातीत केलेली भाताची पेरणी. शिराळा तालुक्यात आणि पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात ती चालत आलेली आहे. कारण साधं आहे. तिथे एकदा पाऊस सुरू झाला की आठवडेच्या आठवडे रानाला वाफसा मिळत नाही. त्याच्या भरवशावर राहिलं तर पेरणीचा हंगामच निघून जाईल. त्यामुळे बी आधीच धुळीत जाऊन बसतं, पाऊस आला की लगेच उगवतं आणि मोठ्या पावसाआधी मूळ धरतं.

या पेरणीत जोखीम आहे. मध्येच वळवाची हलकी सर येऊन गेली तर बी उगवून वाळतं. तणही जास्त होतं. रानाची तयारी मात्र वाफशावरच झालेली असते. वळीव पडून गेल्यावर मिळालेल्या घातीत नांगरट, कुळवणी उरकून माती बारीक करून ठेवतात.

विहीर, कॅनॉल, पाइपलाइन असताना वाफशाची काळजी कशाला?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आपल्या भागात पाण्यासाठी पिढ्या झगडल्या, त्यामुळे पाणी दिसलं की ते रानात सोडावंसं वाटतं. पण पिकाला नुसतं पाणी देऊन भागत नाही, मुळांना हवाही लागते. मुळं बुडून राहिली तर उसासारखं दांडगं पीकसुद्धा फुटवे धरत नाही आणि टाकलेलं खत त्याला घेता येत नाही.

कृष्णाकाठी काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. भारी काळी माती, वर्षानुवर्षं ऊस, मोकळं पाटपाणी आणि बुजलेले ओढे. रात्रीची वीज म्हणून मोटर सुरू करून ठेवायची आणि पाणी पहाटेपर्यंत त्याच सऱ्यांत चालू. उपसा सिंचन योजनेची पाळी परत कधी येईल भरवसा नाही, म्हणून आली की रान तुडुंब भरायचं. असं झालं की रान दोन पाण्यांच्या मध्ये वाफशावर येतच नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, ते पाणी मातीतले क्षार घेऊन पृष्ठभागाकडे चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. वरंब्याच्या माथ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं, की लोक म्हणतात "रानात मीठ फुटलंय". आधी उसाची उगवण विरळ होते, मग तुटाळ (न उगवलेल्या मोकळ्या जागा) सांधूनही जमत नाही, शेवटी तिथे वेडी बाभूळ वाढते. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज भागांतली अशी क्षारपड रानं एकेकाळी गावातली सगळ्यात कसदार रानं होती. ती गेलेली बघून जीव तुटतो.

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी आता कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जत भागांत पोचलं आहे. तिथल्या भावांना कळकळीचं सांगणं आहे : मागच्या पाण्याचा वाफसा येऊन ओल कमी व्हायला लागल्याशिवाय पुढचं पाणी देऊ नका. तारीख बघून पाणी देऊ नका, माती हातात घ्या. ओढे-नाले बुजवून रान वाढवू नका, कारण निचरा त्याच वाटेने होणार आहे.

क्षारपड झालेल्या रानाला पुन्हा वाफसा येईल का?

येतो, पण घाई चालत नाही. पहिलं काम निचऱ्याचं. उताराच्या खालच्या अंगाला उघडे चर, किंवा साधारण मीटरभर खोलीवर गाळणीने गुंडाळलेले सच्छिद्र पाइप टाकून त्यांचं पाणी ओढ्याला काढायचं. एकट्याच्या रानात हे फारसं जमत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून जाणार असतं, म्हणून सलग पट्ट्यातल्या सगळ्यांनी मिळून करावं लागतं. निचरा सुरू झाला की पावसाचं पाणी क्षार धुऊन नेतं.

जिप्सम आणून टाकण्याआधी माती तपासून घ्या. क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन यांत फरक आहे. चोपण जमिनीचा सामू (pH) ८.५ च्या वर असतो, मातीत सोडियम जास्त असतो आणि पाणी मुरत नाही. जिप्समचा उपयोग तिथे होतो. नुसते क्षार असतील तर निचरा आणि धुणं हाच इलाज. धैंच्याचं हिरवळीचं खत दोन्हीकडे उपयोगी पडतं.

ठिबकवर वाफशाचा प्रश्न मिटतो का?

नीट चालवलं तर बराचसा. थोडं थोडं पाणी दिल्याने मुळांभोवतीची माती सतत वाफशाजवळ राहते. पण ठिबक तासन् तास चालू ठेवलं तर काळ्या रानात तेही चिबडतं (पाणी धरून दलदल होते). ड्रिपरपासून वीतभर अंतरावर माती उकरून मुठीची परीक्षा करा. टेन्शिओमीटर बसवला असेल तर साधारण १० ते ३० सेंटीबारच्या मधलं वाचन वाफशाच्या आसपासचं समजावं.

द्राक्ष आणि हळदवाले वाफशाची एवढी चर्चा का करतात?

तासगाव, मिरज, पलूसच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीची (केवडा रोगाची) भीती असते. फवारणी तातडीने हवी असते आणि ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर ओळीत शिरू शकत नाही. शिरला तर रुततो आणि मुळांवर दाब देतो. वाफसा येईपर्यंत गेलेले दोन दिवस घड कुजवतात. त्यामुळे ओळींमधलं गवत मुळापासून न काढता कापून तिथेच ठेवणं आणि चर मोकळे राखणं ही कामं पावसाआधीच उरकायला हवीत. हळदीला भरणी लावताना (बुडाशी माती चढवताना) माती ओली असेल तर तिचे गोळे बसतात आणि गड्ड्यांना पसरायला जागा मिळत नाही. भरणी वाफशावरच.

ऊस तोडून नेताना वाफशाचा काय संबंध?

खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचं) नशीब त्या दिवशी ठरतं. तोडणीआधी साधारण पंधरा दिवस पाणी बंद करावं, म्हणजे साखरही चांगली भरते आणि रानही गाडी सोसण्याइतकं सुकतं. टोळी आली आणि रान ओलं असेल, तर भरलेली ट्रॉली सऱ्यांवरून फिरवू देऊ नका. मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणून गाडी रस्त्यालाच भरून घ्या. टोळीला जादा पैसे द्यावे लागतात, वादही होतात, पण चाकाखाली दबलेल्या बुडख्यातून कोंब फुटत नाही. रान वाफशावर असेल तर गाडी आत घ्या, तीही एकाच वाटेने, आणि गाडी गेल्यावर ती वाट लगेच नांगरून मोकळी करा.